विश्लेषण : चावी हातात आली, पण गाडी खरंच ‘पार्क’ झाली का?

जून २०१६. लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्या घराच्या उतारावरच्या ड्राइव्ह-वेमध्ये अभिनेता अँटन येल्चिन मृतावस्थेत सापडला. ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांमधल्या चेकॉव्हच्या भूमिकेमुळे तो जगभर ओळखीचा होता. वय अवघं २७. तो खाली उतरल्यावर त्याचीच जीप ग्रँड चेरोकी मागे घरंगळत आली आणि गाडी आणि गेटजवळचा विटांचा खांब यांच्यामध्ये तो सापडला.

ही बातमी आली तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. या मॉडेलसह जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या कंपनीने दोनच महिन्यांपूर्वी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. ब्रेक निकामी होत होते म्हणून नाही, की इंजिनात काही बिघाड होता म्हणूनही नाही. गाडी ‘पार्क’मध्ये टाकली आहे असं समजून लोक खाली उतरत होते आणि गाडी प्रत्यक्षात पार्कमध्ये नसायची. परत बोलावण्याच्या वेळेपर्यंत अशा प्रकारांमध्ये ४१ जण जखमी झाल्याची शक्यता कंपनीने स्वतःच मान्य केली होती. येल्चिनच्या कुटुंबाने कंपनीवर खटला भरला आणि पुढे २०१८मध्ये तो तडजोडीने मिटला.

अशा वेळी सोशल मीडियावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘गाडी नीट पार्क करता येत नाही का?’ पण खरा प्रश्न वेगळा आहे. साध्या चावीच्या ऑटोमॅटिक गाडीत ‘P’मध्ये टाकल्याशिवाय चावीच निघत नाही. मग या गाडीने चालकाला उतरू कसं दिलं?

इंटरलॉक म्हणजे नेमकं काय?

एक गोष्ट झाल्याशिवाय दुसरी होऊ न देणारी अडवणूक, म्हणजे इंटरलॉक. मिक्सरचं भांडं नीट बसल्याशिवाय काही मिक्सर सुरूच होत नाहीत, तसंच.

ऑटोमॅटिक गाडीत ‘P’ म्हणजे काय, हे आधी पाहू. गिअरबॉक्सच्या आत, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चक्र असतं. P निवडलं की त्या दात्यांमध्ये लोखंडाची एक खिट्टी जाऊन बसते आणि शाफ्ट फिरायचा थांबतो. N म्हणजे न्यूट्रलमध्ये ही खिट्टी बाहेर असते आणि चाकं मोकळी असतात. गिअरच्या दांड्यावर P आणि N यांच्यात जेमतेम काही सेंटिमीटरचं अंतर असतं. उतारावर तेवढ्याच अंतराला सगळा अर्थ येतो.

या दांड्याभोवती तीन पहारे असतात. पहिला सर्वांत जुना : गाडी P किंवा N मध्ये असेल तरच स्टार्टर फिरतो. दुसरा चावीचा : दांडा P मध्ये असेल तरच चावी पूर्ण मागे फिरते आणि बाहेर निघते. जुन्या गाड्यांमध्ये यासाठी दांड्यापासून इग्निशनच्या कुलपापर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी एक केबल जाते, तर नंतरच्या गाड्यांमध्ये हेच काम विजेवर चालणारी छोटी खिट्टी करते. तिसरा पहारा ब्रेकचा : ब्रेकच्या पेडलवर पाय असल्याशिवाय दांडा P मधून हलतच नाही. ऑटोमॅटिक गाडी सुरू करून ब्रेक दाबला की दांड्याजवळ ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो या तिसऱ्या पहारेकऱ्याचा.

मात्र हे तिन्ही पहारे प्रत्येक गाडीत असतीलच असं नाही, आणि असले तरी सारखे नसतात.

प्रत्येक पहाऱ्यामागे एक अपघात

या फरकामागचं कारण अभियांत्रिकीपेक्षा इतिहासात जास्त सापडतं. हे नियम एकदम बसून कोणी लिहिले नाहीत. अपघात होत गेले, तशी त्यात एकेक भर पडत गेली.

अमेरिकेच्या ११४ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा नियमाचा मूळ हेतू चोरी रोखणं हा होता. चावी काढल्यावर गाडी पळवता येऊ नये, म्हणून १९७०च्या मॉडेल्सपासून तिथे स्टिअरिंग लॉकचा जमाना सुरू झाला. गाडी घरंगळण्याचा विचार त्यात नंतर आला. त्या दशकात फोर्डच्या ऑटोमॅटिक गाड्या P मधून आपोआप रिव्हर्समध्ये जातात अशा हजारो तक्रारी होत्या. अखेर काय झालं, तर गाड्या दुरुस्त करण्याऐवजी सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना धोक्याची सूचना देणारे स्टिकर पाठवण्यात आले. गाडीतून उतरण्यापूर्वी हँडब्रेक लावा, दांडा P मध्ये आहे याची खात्री करा, इंजिन बंद करा, अशा आशयाचे. यंत्रातला प्रश्न कागद चिकटवून सोडवण्याचं याहून मोठं उदाहरण वाहन उद्योगात क्वचितच सापडेल.

पुढचं प्रकरण ऑडीचं. १९८६मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने ऑडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट धावते, असा दावा केला. कंपनीचं कंबरडं मोडलं. १९८५मध्ये अमेरिकेत ७४ हजारांच्या आसपास असलेली ऑडीची विक्री १९९१मध्ये १२ हजारांवर आली. १९८९च्या सरकारी अहवालाचा निष्कर्ष वेगळाच निघाला : बहुतेक प्रकरणांमध्ये चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. पण तोवर ऑडीने उपाय शोधला होता. ब्रेक दाबल्याशिवाय दांडा P मधून निघणारच नाही, असा लॉक १९८७पासून जुन्या गाड्यांमध्येही बसवला जाऊ लागला. पाय ब्रेकवरच आहे याची खात्री गाडीने स्वतः करून घ्यायची, अशी ही युक्ती. आज जवळपास प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत ती दिसते.

चावीचा पहारा अमेरिकेत सक्तीचा झाला तो लहान मुलांमुळे. बंद गाडीत खेळताना मुलं दांडा ओढायची आणि गाडी सुटायची. १९९०मध्ये नियम बदलला आणि सप्टेंबर १९९२पासूनच्या गाड्यांना ‘P नाही तर चावी नाही’ ही अट लागू झाली. त्यातही एक पळवाट राहिलीच. आईवडील चावी गाडीतच ठेवून दोन मिनिटांसाठी दुकानात गेले, तर मूल दांडा हलवू शकत होतं. ब्रेकच्या पेडलपर्यंत मात्र चिमुकल्याचा पाय पोहोचत नाही. त्यामुळे ब्रेकचा इंटरलॉकही कायद्याने आणावा लागला. मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून दगावलेल्या दोन वर्षांच्या एका मुलाच्या नावाने हा कायदा झाला आणि सप्टेंबर २०१०पासूनच्या गाड्यांना तो लागू झाला. अमेरिकेत मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, तोही याच कायद्यामुळे.

युरोपची वाट वेगळी होती. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीवर युरोप चालतो, तिच्यात या कुलपांचा विचार प्रामुख्याने चोरीच्या अंगाने झाला आहे. स्टिअरिंग अडवा, गिअर अडवा किंवा ब्रेक अडवा, पण परक्या माणसाला गाडी नेता येऊ नये. भारतीय वाहन मानकांची घडणही बऱ्याच अंशी याच चौकटीवर झाली आहे. त्यामुळे ‘अमेरिकेतल्या गाडीत आहे ते आपल्याकडच्या गाडीतही असणारच’ असं गृहीत धरण्यात अर्थ नाही.

मॅन्युअल गाडीत चावी कोणाला विचारते?

मॅन्युअल गाडीत P नसतोच. मग चावी कशाच्या भरवशावर सोडायची? बहुतेक कंपन्यांचं उत्तर एकच : चालकाच्या. गाडी न्यूट्रलमध्ये असो वा चौथ्या गिअरमध्ये, चावी निघते.

स्वीडनच्या साब कंपनीला हे पटत नव्हतं. साबच्या कित्येक गाड्यांमध्ये चावीचं कुलूप स्टिअरिंगजवळ नव्हे, तर दोन सीट्सच्या मध्ये, गिअरच्या दांड्याशी होतं. मॅन्युअल गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकल्याशिवाय चावी निघायचीच नाही. चावी काढली की गिअर कुलूपबंद. म्हणजे चोरीचाही बंदोबस्त झाला आणि गाडी गिअरमध्ये असल्याने घरंगळण्याचाही. शिवाय अपघातात गुडघा चावीवर आदळत नाही, हा तिसरा फायदा. तोटा एवढाच, की कपातलं पेय किंवा बिस्किटाचा चुरा सांडला तर थेट कुलपात.

बाकीच्यांना काळजी होती ती चालत्या गाडीत स्टिअरिंग लॉक होण्याची. म्हणून बऱ्याच गाड्यांमध्ये चावी ‘ॲक्सेसरी’वरून ‘लॉक’वर नेताना ती आत दाबावी लागते किंवा शेजारचं छोटं बटण दाबावं लागतं. अनेकांना हे कुलूप जुनं झाल्याचं लक्षण वाटतं. ते मुद्दाम केलेलं असतं.

पेट्रोल-डिझेल वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. अशा वेळी ती छोटीशी अडवणूकच गाडी आणि दरी यांच्यामध्ये उभी असते. अर्थात स्टिअरिंग लॉक झालं नाही तरी पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकमागचा व्हॅक्यूमचा जोर दोन-तीन दाबांत संपतो. २०१४मध्ये जनरल मोटर्सने परत बोलावलेल्या लाखो गाड्यांमध्ये असंच काहीसं होत होतं. इग्निशन स्विच इतका ढिला होता, की जड किचेन किंवा गुडघ्याचा धक्का लागून चावी धावत्या गाडीत मागे फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही बंद. या दोषापायी १२४ मृत्यू झाल्याचं भरपाईच्या प्रक्रियेत मान्य करण्यात आलं.

क्लचचा पहारा आणखी गमतीदार आहे. हल्लीच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. जुन्या मारुती ८००मध्ये असं काही नव्हतं. गाडी गिअरमध्ये राहिली असेल आणि क्लच न दाबता स्टार्टर मारला, तर गाडी उडी मारून समोरच्या भिंतीला भेटायची. पण त्या काळच्या चालकांना याचाच एक उपयोगही माहीत होता. रेल्वे फाटकात गाडी बंद पडली, तर पहिला गिअर टाकून नुसत्या स्टार्टरवर ती रुळांबाहेर काढता यायची. क्लचच्या इंटरलॉकने ही सोय काढून घेतली. म्हणूनच टोयोटाने टॅकोमासारख्या खडकाळ रस्त्यांवर जाणाऱ्या काही मॅन्युअल गाड्यांमध्ये हा इंटरलॉक तात्पुरता रद्द करणारं बटण दिलं. चढावर अडकलेल्या गाडीत क्लच दाबला की गाडी मागे जाते, त्यावरचा हा तोडगा.

आपल्याकडची AMT : ऑटोमॅटिक, पण P शिवाय

भारतात २०१४मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्त ऑटोमॅटिकचं युग सुरू झालं. या AMT गाड्यांमध्ये क्लचचं पेडल नसतं. मात्र आत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम माणसाऐवजी मोटर करतात. त्यामुळे दांड्यावर R, N, D असतात, P नसतो. खिट्टी घालायला आत ते दातेरी चक्रच नाही. साहजिकच ‘P मध्ये असेल तरच चावी’ ही अट इथे लावताच येत नाही.

गोंधळ होतो तो इथे. एखाद्या घरात दोन गाड्या आहेत, एक CVT आणि एक AMT. CVT वाल्या गाडीने वर्षानुवर्षं शिकवलंय, की चावी निघाली म्हणजे गाडी अडकलेली आहे. तोच हात AMT मध्ये N टाकतो, चावी काढतो आणि हँडब्रेक न ओढता उतरतो. गाडी काहीच अडवत नाही आणि चाकं मोकळीच राहतात. AMT उभी करायची पद्धत मॅन्युअलसारखीच आहे : हँडब्रेक ओढायचा आणि गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची, म्हणजे इंजिन चाकांना धरून ठेवतं. शोरूममधल्या गाडी ताब्यात देण्याच्या सोहळ्यात हार-पेढे आणि फोटो व्यवस्थित होतात, हे मात्र निसटतं.

ब्रेकच्या इंटरलॉकबद्दलही एक गैरसमज आहे. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या विमाननगरमधला एक सीसीटीव्ही व्हिडिओ व्हायरल झाला होता. पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगची भिंत तोडून एक गाडी उलटी खाली पडताना त्यात दिसते. चुकून रिव्हर्स गिअर पडल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. ब्रेकचा इंटरलॉक P मधून निघतानाच्या त्या एका क्षणापुरता असतो. त्यानंतर D ऐवजी R पडला किंवा पाय चुकीच्या पेडलवर गेला, तर तो काही करू शकत नाही.

बटण आलं आणि चावीचा अर्थ बदलला

चावी हातात असणं हा एक पुरावा होता : इंजिन बंद आहे आणि गाडी P मध्ये आहे. पुश-बटण गाड्यांनी हा पुरावाच काढून घेतला. फोब तर कायम खिशातच असतो. इंजिन चालू असो वा बंद, तो खिशात घेऊन चालक घरात जाऊ शकतो. अमेरिकेच्या नियमातही ‘चावी’ची व्याख्या बदलली. धातूच्या चावीबरोबरच गाडीतला इलेक्ट्रॉनिक कोडही आता चावी मानला जातो. कागदावर नियम पाळला जातो, पण हाताला मिळणारी खूण गेली.

येल्चिनच्या जीपमध्ये याच्या जोडीला दांडाही नवीन धाटणीचा होता. तो पुढे-मागे ढकलला की परत मध्यावर यायचा, व्हिडिओ गेमच्या जॉयस्टिकसारखा. जुन्या दांड्याकडे बघून, किंवा न बघता नुसता हात ठेवूनही, गाडी कशात आहे ते कळायचं. या दांड्याची जागा नेहमी तीच. गिअर कोणता ते फक्त दिव्यावरून कळणार. दार उघडल्यावर घंटी वाजायची आणि संदेशही दिसायचा, तरी लोक उतरत होते. कंपनीचा अंतिम उपाय सॉफ्टवेअरचा होता : चालक दार उघडून उतरतोय असं दिसलं, की गाडीने स्वतःच P मध्ये जायचं.

आज टेस्लासह अनेक गाड्यांमध्ये असं आपोआप P पडतं. पण सगळ्यांत नाही, आणि त्याच्या अटीही गाडीगणिक वेगळ्या. कुठे इंजिन बंद केल्यावर, कुठे दार उघडल्यावर, कुठे सीटबेल्ट सोडून दार उघडल्यावर.

विसरलेल्या इंजिनाचा धोका वेगळाच. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये पुश-बटण गाडी चालूच राहिली आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरला, अशा घटनांमध्ये अमेरिकेत २००६पासून दोन डझनांहून अधिक मृत्यू झाल्याचं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८मध्ये दाखवून दिलं. नोव्हेंबर २०२१च्या तिथल्या पायाभूत सुविधा कायद्यात इंजिन ठराविक वेळाने आपोआप बंद होण्याची तरतूद म्हणूनच आली.

दांडा P मध्ये, गिअरबॉक्स मात्र नाही

इंटरलॉक शाबूत असूनही फसवू शकतो, याचं उदाहरण २०२२चं आहे. फोर्डने सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या. दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या केबलच्या टोकाला एक छोटा बुश असतो. तो झिजून तुटला, की दांडा P वर जातो, चावी निघते आणि गिअरबॉक्स मात्र आधीच्याच गिअरमध्ये राहतो.

कारण चावीचा इंटरलॉक दांड्याला विचारतो, चाकांना नाही.

न्यूट्रलमध्ये सोडून जायचंय, पण कसं?

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये दुसऱ्याच्या गाडीमागे आडवी गाडी लावताना ती न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता सोडायची, म्हणजे गरज पडली तर वॉचमन ढकलू शकतो, ही सर्रास चालणारी रीत आहे. दक्षिण कोरियातही हीच पद्धत प्रचलित आहे. ऑटोमॅटिक गाडी मात्र N मध्ये चावी देत नाही. त्यासाठी दांड्याजवळ ‘शिफ्ट लॉक’ किंवा ‘शिफ्ट लॉक रिलीज’ असं बटण असतं, किंवा झाकणाखाली एक खाच. आधी P मध्ये टाकून चावी काढायची, मग ते दाबून दांडा N वर आणायचा. ह्युंदाईच्या काही नव्या बटणवाल्या गाड्यांमध्ये तर ‘गाडी बंद झाल्यावरही N मध्येच राहायचं’ असा पर्यायच स्क्रीनवर येतो. पूर्ण सपाट जमीन नसेल तर यातलं काहीही करू नये, हे वेगळं सांगायला नको.

हीच खाच आणखी एका प्रसंगी उपयोगी पडते. ब्रेक दाबूनही दांडा P मधून हलत नसेल, तर आधी ब्रेकलाइट लागतात का ते कोणाला तरी मागे उभं करून बघावं. बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेकलाइट आणि इंटरलॉक यांना सिग्नल एकाच स्विचकडून मिळतो. स्विच गेला किंवा फ्यूज उडाला, की दिवेही जातात आणि दांडाही अडकतो. बॅटरी पूर्ण उतरली तरी तेच. अशा वेळी टोइंगवाल्याला बोलावण्याआधी हँडब्रेक ओढून ती खाच शोधावी. मात्र दांडा सुटला म्हणून ब्रेकलाइटशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

आपल्या गाडीत कोणते पहारे आहेत?

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. सपाट जागा हवी, हँडब्रेक पूर्ण ओढलेला हवा आणि गाडीच्या पुढे-मागे कोणी नको. चावीची ऑटोमॅटिक असेल तर N मध्ये इंजिन बंद करून चावी निघते का ते पाहा. बटणाची असेल तर N मध्ये बटण दाबल्यावर P आपोआप पडतो, की नुसतीच घंटी वाजते, हे पाहा. मग इंजिन चालू ठेवून, P मध्येच, ब्रेकवरचा पाय काढा आणि दांडा हलतो का ते बघा. AMT असेल तर N मध्ये गाडी बंद करून दार उघडा आणि ती काही सूचना देते की गप्प बसते ते ऐका.

ड्रायव्हर, मेकॅनिक, व्हॅले पार्किंगवाला मुलगा किंवा सुट्टीत आलेला भाऊ, जो कोणी ही गाडी हाताळणार असेल, त्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याचा हात त्याच्या आधीच्या गाडीच्या सवयीने चालतो. चावी देताना ‘हिला P नाही, हँडब्रेक ओढ’ एवढं वाक्य त्याच्या कानावर घालायला दोन सेकंद लागतात.